‘५०० ठार’ छापण्याआधी: गाझाचे आकडे कसे वाचायचे

१७ ऑक्टोबर २०२३. गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयाच्या आवारात स्फोट झाला तेव्हा तिथं संध्याकाळचे सात वाजत होते, म्हणजे नागपुरात रात्रीचे साडेनऊ. वर्तमानपत्राचं घड्याळ ज्याला ठाऊक आहे त्याला ही वेळ किती वाईट ते सांगावं लागत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे जाणाऱ्या डाक आवृत्तीची पानं तेव्हा सुटायला आलेली असतात. शहर आवृत्तीच्या हाती दोन-तीन तास असतात. अशात एजन्सीची ओळ येते: रुग्णालयावर इस्रायलचा हल्ला, ५०० ठार, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाची माहिती. पहिल्या पानाच्या मथळ्यात जागा चार-पाच शब्दांची. ‘मंत्रालयाची माहिती’ गळतं, ‘५०० ठार’ राहतं. सकाळी त्याच मथळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि कुणाचा तरी दावा घडून गेलेली गोष्ट होऊन बसतो.

हे फक्त मराठी वर्तमानपत्रांचं दुखणं नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्या रात्री जवळपास असाच मथळा दिला, आणि २३ ऑक्टोबरला संपादकांची टीप छापून कबूल केलं की सुरुवातीच्या बातम्या हमासच्या दाव्यावर फार विसंबल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी उजेडात काय दिसलं? रुग्णालयाची इमारत उभी होती. वाहनतळावर लहानसा खड्डा, जळालेल्या गाड्या, फुटलेल्या काचा. मंत्रालयाचा आकडा ४७१ वर आला, जखमी ३४२. अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज १०० ते ३००, आणि तोही खालच्या टोकाकडे झुकणारा. इस्रायल आणि अमेरिकेचं म्हणणं, पॅलेस्टिनी गटाचं रॉकेट भरकटून पडलं. ज्या गटाकडे बोट होतं त्या इस्लामिक जिहादनं ते नाकारलं. नोव्हेंबरात ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या मानवाधिकार संस्थेनंही पुरावा भरकटलेल्या रॉकेटकडे बोट दाखवतो असं म्हटलं, पण पूर्ण चौकशीची मागणीही केली. इकडे इस्रायलनं पुरावा म्हणून दाखवलेला एक व्हिडिओ तपासल्यावर वेगळ्याच घटनेचा निघाला. म्हणजे एकाच रात्री दोन्ही बाजूंनी चुकीचा माल पुढे आला.

४७१ ठार आणि ३४२ जखमी, हे प्रमाण पुन्हा एकदा पाहा. उघड्या जागेत गर्दीवर स्फोट झाला की जखमी हे मृतांच्या कितीतरी पट असतात, कारण तुकडे आणि हवेचा दाब जवळच्याला मारतो आणि लांबच्यांना जखमी करतो. मृतांचा आकडा जखमींच्या वर गेला असेल तर मुख्य शक्यता दोन: बंद इमारत कोसळली, नाहीतर मोजणी चुकली. इथं इमारत कोसळली नव्हती. हा ताळा करायला ना उपग्रह लागतो ना गुप्तचर. रात्रपाळीच्या उपसंपादकाला कागदावर अर्ध्या मिनिटात जमेल असा तो आहे.

पहिल्या काही तासांचा कुठलाही गोल आकडा हा अंदाज असतो, हे दोन्ही बाजूंना लागू आहे. ७ ऑक्टोबरच्या हमासच्या हल्ल्यात १,४०० हून जास्त लोक मारले गेले, असं इस्रायलनं आधी सांगितलं. १० नोव्हेंबरला तो आकडा सुमारे १,२०० केला. कारण साधं आणि भयंकर होतं: ओळखू न येण्याइतके जळालेले सुमारे २०० मृतदेह हल्लेखोरांचेच निघाले. डीएनए, दात, सीटी स्कॅन, सगळं वापरावं लागलं. जळालेल्या घरांतली राख चाळायला पुरातत्त्व खात्याची माणसं बोलावली गेली. डिसेंबरात तिथल्या सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींवरून ‘एएफपी’ या वृत्तसंस्थेनं हिशोब मांडला: ६९५ इस्रायली नागरिक, ३७३ सुरक्षा दलांचे लोक, ७१ परदेशी. एकूण १,१३९. जगातल्या उत्तम प्रयोगशाळांपैकी एक हाताशी, शहर उभं, वीज सुरू, आणि तरी नीट मोजायला दोन महिने लागले. गाझात तासाभरात नेमका आकडा कसा येईल?

त्या ६९५ मध्ये ३६ मुलं होती. पण जगभर फिरली ती ‘४० बाळांचा शिरच्छेद’ ही गोष्ट. एका वार्ताहरानं कफर अझा या गाझालगतच्या इस्रायली वस्तीतून सैनिकांच्या तोंडचं ऐकून सांगितली, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी फोटो पाहिल्याचं म्हटलं आणि व्हाइट हाउसला नंतर खुलासा करावा लागला की त्यांनी फोटो पाहिले नव्हते. मला या प्रकरणाचा राग येतो तो एवढ्यासाठी, की खोट्या ४० मुळं खरी ३६ मुलं झाकली गेली. ‘ते खोटं होतं’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. अल-अहलीतही तेच झालं. ५०० खोटा ठरला म्हणून तिथं मेलेले शे-दीडशे, दोनशे, जे काही होते ते लोक चर्चेतूनच गेले.

भाषांतराच्या टेबलावर काय बिघडतं तेही सांगायला हवं, कारण हा आपला, मराठीचा भाग आहे. इंग्रजी बातमीतला ‘कॅज्युअल्टी’ हा शब्द मृत आणि जखमी दोघांना धरून असतो. मराठीत तो सर्रास ‘बळी’ किंवा ‘जीवितहानी’ होतो. एका शब्दाच्या फरकानं मृतांचा आकडा तिप्पट-चौपट फुगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलचे माजी लष्करप्रमुख हर्झी हालेवी म्हणाले की गाझाच्या २२ लाख लोकांपैकी १० टक्क्यांहून जास्त ठार किंवा जखमी झाले, म्हणजे २ लाखांच्या वर. यातलं ‘किंवा जखमी’ गाळलं की ‘२ लाख ठार, माजी लष्करप्रमुखांची कबुली’ असा मथळा होतो. न गाळता वाचलं तर त्या वेळचे मंत्रालयाचे ठार आणि जखमी मिळून होणारा आकडाही त्याच घरात होता, आणि माझ्या मते खरी मोठी बातमी तीच होती.

दुसरा शब्द ‘शहीद’. अरबी याद्यांत आणि निवेदनांत मारल्या गेलेल्या प्रत्येकाला शहीद म्हणतात, मग ते चार महिन्यांचं बाळ का असेना. आपल्याकडे भाषांतराच्या ॲपमधून तो शब्द बाहेर येतो आणि लोक लिहितात, ‘बघा, स्वतःच शहीद म्हणताहेत, म्हणजे अतिरेकीच.’ नागपूरकरांनी तरी ही चूक करू नये. बर्डीवरचा उड्डाणपूल आदिवासी गोवारी शहीदांच्या नावाचा आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला मोर्च्यात चेंगरून गेलेले ते ११४ जण, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं, तरी आपण त्यांना शहीदच म्हणतो.

तिसरा शब्द ‘चिमुकले’. आकडेवारीत मूल म्हणजे १८ वर्षांखालचं कुणीही. त्यात दोन वर्षांची मुलगी असते आणि सतरा वर्षांचा मुलगाही असतो, आणि त्या सतरा वर्षांच्यांपैकी काहींच्या हातात बंदूक असू शकते. ‘हजारो चिमुकले’ लिहिण्याआधी वयाचा रकाना पाहावा. पाहिल्यावर लहानग्यांची संख्या कमी भरेल असंही समजू नका, त्याकडे शेवटी येतो.

आता मृतांच्या यादीकडे. गाझाचं आरोग्य मंत्रालय हमासच्या सरकाराखाली आहे, हे लक्षात ठेवायलाच हवं. पण याच मंत्रालयाचे आकडे आणि हमासच्या सरकारी माध्यम कार्यालयाचे आकडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत दोन्ही ‘गाझातील अधिकारी’ या एका शब्दात मिसळतात. मंत्रालय नावांची यादी देतं. ‘७० टक्के महिला आणि मुलं’ सारखी झटपट विभागणी बऱ्याचदा माध्यम कार्यालयाकडून यायची, आणि तिला नावांचा आधार नसायचा.

२५ ऑक्टोबर २०२३ ला बायडेन म्हणाले की पॅलेस्टिनी आकड्यांवर आपला भरवसा नाही. दुसऱ्याच दिवशी मंत्रालयानं यादी काढली. तोवरचे एकूण मृत ७,०२८, त्यांपैकी ६,७४७ नावं, आणि ओळख न पटलेले २८१. रकाने मोजके: नाव, ओळख क्रमांक, लिंग, वय. मृत्यूची तारीख नाही, कारण नाही, ठिकाण नाही, लढवय्या की नागरिक तेही नाही. या यादीतून जे निघू शकत नाही ते काढायचा प्रयत्न दोन्ही बाजू करतात, आणि तिथंच फसतात.

ओळख क्रमांक मात्र फार कामाचा. तो नऊ अंकी असतो आणि शेवटचा अंक ताळ्याचा असतो, आपल्या डेबिट कार्डावर असतो तसाच. रीत अशी: डावीकडून अंकांना आळीपाळीनं १ आणि २ नं गुणायचं, गुणाकार दोन अंकी आला तर त्याचे दोन अंक मिळवायचे, आणि सगळ्यांची बेरीज १० नं भागली जायला हवी. नमुन्यादाखल १२३४५६७८२ घ्या. १, ४, ३, ८, ५, मग १२ चे ३, मग ७, मग १६ चे ७, शेवटी २. बेरीज ४०. जमलं. आता टंकताना ७ आणि ८ ची अदलाबदल झाली असं समजा: १२३४५६८७२. बेरीज येते ३९. चूक पकडली. घाईत, जनरेटरच्या उजेडात, मृतदेहांच्या रांगेत बसून नोंद करणाऱ्याच्या हातून नेमक्या अशाच चुका होतात. कुणी मनानं आकडे रचले तर दहातला एकच क्रमांक या चाळणीतून सुटेल. ही रीत ठाऊक असलेला माणूस बनावट क्रमांकही बरोबर रचू शकतो, म्हणून एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पण गाझाच्या लोकसंख्येच्या नोंदवहीवरचा अंतिम ताबा इस्रायलकडे आहे. कुठला क्रमांक कुणाचा, हे इस्रायलला तपासता येतं. हजारो नावं हवेतली असती तर ती दाखवून देणं त्यांना सगळ्यात सोपं होतं.

नोव्हेंबर २०२३ नंतर हे सगळं ढासळलं. अल-शिफासारखी मोठी रुग्णालयं बंद पडली किंवा वेढ्यात सापडली, शवागारातून येणारी नोंद तुटली. मंत्रालयानं मग एकूण आकड्यात माध्यमांतल्या बातम्यांवरून काढलेले मृत्यू धरायला सुरुवात केली, आणि २०२४ च्या सुरुवातीपासून नातेवाइकांसाठी ऑनलाइन फॉर्म ठेवला. एकाच बेरजेत तीन दर्जाचा माल आला: रुग्णालयाची नोंद, घरच्यांचा फॉर्म, आणि बातमी. तिसरा प्रकार सगळ्यात कच्चा.

फॉर्मवरून आरडाओरडा करणाऱ्यांनी आपल्या राज्यातलं कोविड अनुदान आठवावं. महाराष्ट्रात अधिकृत कोविड मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या आसपास होते तेव्हा ५० हजार रुपयांच्या मदतीसाठी अर्ज २ लाखांच्या वर गेले. काही अर्ज दुबार होते, काही अपात्र होते, आणि पुष्कळसे खरे होते, ज्यांची सरकारी नोंदच झाली नव्हती. घरच्यांकडून माहिती घेतली की सुटलेले मृत्यू सापडतात आणि चुकीच्या नोंदीही शिरतात, दोन्ही एकदमच घडतं. गाझातही तेच झालं. मार्च २०२५ च्या यादीतून आधीच्या याद्यांतली ३ हजारांहून जास्त नावं गायब असल्याचं टीकाकारांनी दाखवलं. त्यांची मेहनत खरी आहे, निरीक्षणही खरं आहे. मंत्रालयाचं उत्तर असं, की फॉर्मवरून आलेली नावं न्यायिक समितीची तपासणी होईपर्यंत मागे घेतली, आणि काही जण नैसर्गिक कारणानं गेल्याचं किंवा तुरुंगात असल्याचं आढळलं. यादीतून नाव कमी होणं म्हणजे यादी बनावट, हा निष्कर्ष उतावळा आहे. बनावट यादी करणारा नावं कशाला काढेल? पण ‘यादी शंभर टक्के पक्की’ म्हणणारेही इथं तोंडावर पडतात.

कच्च्या मालाचा सगळ्यात स्पष्ट दाखला मे २०२४ चा. ६ मे ला संयुक्त राष्ट्रांच्या मदत समन्वय कार्यालयाच्या तक्त्यात ३४,७३५ मृत होते, त्यांत ९,५०० महिला आणि १४,५०० मुलं. म्हणजे २४,०००, सुमारे ६९ टक्के. दोनच दिवसांनी तक्ता बदलला. एकूण ३४,८४४, त्यांपैकी ओळख पटलेले २४,६८६: पुरुष १०,००६, महिला ४,९५९, मुलं ७,७९७, वृद्ध १,९२४. लगेच मथळे आले, ‘संयुक्त राष्ट्रांनी मृतांचा आकडा निम्मा केला’. साफ चूक. एकूण आकडा उलट १०९ नं वाढला होता. बदलली ती विभागणी, आणि तीही फक्त ओळख पटलेल्यांची.

पण दुसऱ्या बाजूनंही ताळा करा. ओळख न पटलेले उरतात १०,१५८. ओळख पटलेल्यांत महिला आणि मुलं मिळून १२,७५६. वृद्धांतल्या निम्म्या बायका धरल्या तर आणखी ९६२. आता ओळख न पटलेल्या १०,१५८ मध्ये एकही पुरुष नाही असं मानलं, तरी बेरीज २३,८७६ होते. २४,००० भरतच नाहीत. म्हणजे ६ मे चा ६९ टक्क्यांचा दावा मंत्रालयाच्या यादीपुढे टिकत नव्हता. महिला आणि मुलं निम्म्याच्या थोडी वर, वृद्ध धरून साठ टक्क्यांच्या जवळ, हे यादीतून निघतं. तेवढंही कोणत्याही युद्धाच्या मानानं भीषण आहे. ७० करायची गरज नव्हती.

पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं प्रत्येकी तीन स्वतंत्र स्रोतांकडून पडताळलेले ८,११९ मृत्यू तपासले, तर त्यांत सुमारे ७० टक्के महिला आणि मुलं निघाली. पुन्हा ७०. काम काटेकोर आहे. पण हा नमुना सरसकट नाही. त्यातले सुमारे ८० टक्के लोक राहत्या इमारतींत मारले गेलेले आहेत. घर कोसळलं की अख्खं कुटुंब जातं, शेजारी नावं सांगतात, पडताळणी होते. बोगद्यात किंवा गल्लीत एकटा मेलेला माणूस या चाळणीत सापडत नाही. त्यामुळे ‘पडताळलेल्यांपैकी ७० टक्के’ असंच लिहावं लागतं, ‘मृतांपैकी’ नाही.

मग एकूण आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही? जुन्या युद्धांचा लेखाजोखा काढला तर उत्तर बरंच स्पष्ट आहे. २००२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या जेनिनच्या निर्वासित छावणीत ५०० मेल्याचा दावा पॅलेस्टिनी नेत्यांनी लढाई चालू असताना केला. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात ५२ निघाले. तो हॉस्पिटलच्या यादीचा आकडा नव्हता, नेत्याच्या तोंडचा होता. २०१४ च्या युद्धात मंत्रालय म्हणालं २,३१०, संयुक्त राष्ट्रं २,२५१, इस्रायलचं परराष्ट्र खातं २,१२५. मंत्रालय आणि इस्रायल यांच्यातला फरक १८५, म्हणजे ८ टक्के. युद्ध संपल्यावरची बेरीज जवळजवळ जुळते. जुळत नाही ती नागरिक किती आणि लढवय्ये किती ही विभागणी. इस्रायल म्हणालं ९३६ लढवय्ये, संयुक्त राष्ट्रं म्हणाली १,४६२ नागरिक. आणि इथं पॅलेस्टिनी बाजूची अडचण नीट नोंदवायला हवी: २००८-०९ च्या युद्धात इस्रायलनं ७०९ लढवय्ये मारल्याचं सांगितलं, तेव्हा तो दावा फुगवलेला म्हणून उडवून लावला गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये हमासचे गृहमंत्री फत्ही हमाद यांनी स्वतःच ६०० ते ७०० लढवय्ये गेल्याचं सांगितलं.

तोच निकष आता इस्रायलला लावा. जानेवारी २०२५ पर्यंत सुमारे २०,००० दहशतवादी मारले, असा लष्कराचा दावा. नावांची यादी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘गार्डियन’ आणि इस्रायली पत्रकारांनी लष्करी गुप्तचरांच्याच माहितीसाठ्यातून बातमी दिली: मे २०२५ पर्यंत नावानिशी मृत किंवा बहुधा मृत असलेले लढवय्ये सुमारे ८,९००. त्या वेळचे एकूण मृत ५३,००० धरून ‘८३ टक्के नागरिक’ असा हिशोब निघाला. हा हिशोबही सावधपणे वाचा. नाव न कळलेले लढवय्ये त्यात नाहीत, आणि हमासमध्ये नसलेले पण शस्त्र घेतलेलेही नाहीत. पण मंत्रालयाकडे नावं मागणाऱ्यानं लष्कराकडेही नावं मागितली पाहिजेत. नाव असलेले ८,९०० आणि नाव नसलेले ११ हजार यांना एका पंगतीत बसवता येत नाही, जसं मंत्रालयाच्या ओळख न पटलेल्या १०,१५८ ला बसवता येत नाही.

आलेखांबद्दल थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये एका अमेरिकी संख्याशास्त्रज्ञानं लिहिलं की मृतांची बेरीज इतकी सरळ रेषेत वाढते की ती रचलेली असावी. त्यानं २६ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर २०२३ एवढेच दिवस घेतले आणि एकूण बेरजेचा आलेख काढला. थोड्या दिवसांची बेरीज अशी मांडली की ती बहुतेकदा सरळच दिसते. नागपूरच्या जुलै-ऑगस्टच्या पावसाची एकूण बेरीज काढून पाहा. एक दिवस कोरडा, एक दिवस धो धो, तरी रेषा वरच जाताना दिसेल. रोजचे आकडे वेगळे मांडले की चढउतार दिसतात.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या नावानं दोन आकडे फिरतात आणि त्यांची गल्लत थांबतच नाही. जुलै २०२४ चा १,८६,००० हा संशोधनातून निघालेला आकडा नाही. ते एक पत्र होतं. इतर युद्धांवरून एका थेट मृत्यूमागे चार अप्रत्यक्ष मृत्यू धरले, ३७,३९६ ला ५ नं गुणलं, आणि भूक, रोगराई, उपचारांअभावी पुढे होऊ शकणारे मृत्यू धरून हा आकडा अशक्य नाही असं म्हटलं. ‘इतके मेले’ असं त्यात कुठंही नाही. जानेवारी २०२५ चा लेख वेगळा. त्यात रीत आहे, आणि ती समजायला सोपी आहे. अंबाझरी तलावात मासे किती? १०० पकडा, खूण करा, सोडा. पुन्हा १०० पकडा. त्यात खुणेचे २० निघाले तर तलावात सुमारे ५०० मासे. इथं जाळी तीन होती: रुग्णालयांची यादी, ऑनलाइन फॉर्म, आणि समाजमाध्यमांवरचे श्रद्धांजलीचे संदेश. एकाच माणसाचं नाव किती जाळ्यांत सापडतं त्यावरून कुठल्याच जाळ्यात न सापडलेल्यांचा अंदाज. ३० जून २०२४ पर्यंत फक्त जखमांनी झालेले मृत्यू ६४,२६०, खालची मर्यादा ५५,२९८, वरची ७८,५२५. मंत्रालयाचा तेव्हाचा आकडा ३७,८७७. या रीतीची कमजोरीही त्याच जाळ्यात आहे: नावं जुळवताना एकच माणूस दोन समजला गेला तर अंदाज फुगतो, आणि एका यादीतली माणसं दुसरीत असण्याची शक्यता मुळातच जास्त असेल तर तो आक्रसतो. मला हा आकडा ढोबळपणे पटतो, पण मर्यादांशिवाय तो छापू नये.

व्हिडिओबद्दल लांबवत नाही. चालत्या चित्राच्या तीन-चार चौकटी थांबवून गूगल लेन्समध्ये टाका. २०२३ च्या ऑक्टोबरात ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातली दृश्यं गाझाची म्हणून फिरली, सीरियातले जुने व्हिडिओही. मे २०२४ चं ‘ऑल आइज ऑन रफाह’ हे चित्र तर कोट्यवधी लोकांनी पुढे ढकललं. यंत्रानं तयार केलेलं ते चित्र, त्यातले डोंगर दक्षिण गाझातल्या रफाहमध्ये नाहीतच. भावना खरी असेल, पण ते छायाचित्र नाही.

व्हिडिओ जागेशी जुळवला की काय होतं याची दोन उदाहरणं पुरेत. मे २०२२ मध्ये पत्रकार शिरीन अबू अकलेह जेनिनमध्ये मारल्या गेल्या तेव्हा इस्रायलकडून पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांचा व्हिडिओ दाखवला गेला. ‘बेत्सेलेम’ या इस्रायली संस्थेचा माणूस प्रत्यक्ष त्या गल्लीत गेला, आणि तिथून अबू अकलेह पडल्या ती जागा दिसूही शकत नाही हे दाखवलं. सप्टेंबरात लष्करानं मान्य केलं की गोळी आपल्याच सैनिकाची असण्याची शक्यता मोठी आहे. मार्च २०२५ मध्ये रफाहजवळ १५ मदत कर्मचारी मारले गेले. लष्कर म्हणालं, गाड्या दिवे न लावता येत होत्या. पुरलेल्यांतल्या एकाच्या फोनमध्ये व्हिडिओ सापडला. दिवे चालू होते. लष्कराला म्हणणं बदलावं लागलं.

‘चेंगराचेंगरी की गोळीबार’ हा वादही असाच. २९ फेब्रुवारी २०२४ ला गाझा शहरात पिठाच्या ट्रकांभोवती शंभराहून जास्त माणसं मेली. लष्कर म्हणालं, बहुतेक चेंगरून आणि ट्रकखाली गेले. अशा वेळी मृतांकडे नाही, जखमींकडे पाहायचं. अल-अवदा रुग्णालयात आणलेल्या १७६ पैकी १४२ जणांना गोळ्या लागल्या होत्या, असं तिथल्या प्रमुखांनी सांगितलं. अल-शिफात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पथकालाही गोळ्यांचे जखमी मोठ्या संख्येनं दिसले. आणि गोळीच्या आवाजानं पळताना चेंगरून मेला, त्याच्या मृत्यूचं कारण ‘चेंगरणं’ असलं तरी जबाबदारीचा प्रश्न तिथं संपत नाही. गोवारी मोर्च्यातल्या लाठीमारावर वर्षानुवर्षं वाद झालेल्या या शहराला हे निराळं समजवायला नको.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: परदेशी पत्रकारांना इस्रायल गाझात मोकळेपणानं जाऊ देत नाही. लष्कराबरोबर, लष्कर नेईल तिथं, एवढीच वाट. आत उरलेले स्थानिक पत्रकार मोठ्या संख्येनं मारले गेले. आकड्यांवर संशय घेणाऱ्यानं सगळ्यात आधी हे दार उघडायची मागणी करायला हवी. ती मागणी न करता फक्त संशय घेणारा माणूस मला तपासणारा वाटत नाही.

शेवटी वयाचा रकाना. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या यादीत ३४,३४४ नावं होती, ६४९ पानं, लहानांपासून मोठ्यांकडे लावलेली. एक वर्ष पूर्ण न झालेली ७१० बाळं सुरुवातीलाच. त्यांच्या वयापुढे शून्य. आपल्याकडे नाव तीन भागांचं, तिथं चार: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, घराण्याचं. यादी वयाप्रमाणे लावलेली असल्यानं भावंडं वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असतात. तीच यादी एक्सेलमध्ये घेऊन घराणं, आजोबा, वडील या क्रमानं लावली की भावंडं एकत्र येतात: शून्य, तीन, सात, अकरा, आणि लगतच आजोबांच्या नावाशी जुळणारी चुलत भावंडं. वडील आणि काका त्याच घराण्यात, थोडं पुढे-मागे सापडतात. आई सापडत नाही. लग्नानंतरही बाईच्या नावात वडील आणि आजोबा माहेरचेच राहतात, ती कुठल्यातरी दुसऱ्याच पानावर असते.